भावजींच्या तापाची फाईल

माझे भावजी, दत्तात्रय गोवंडे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. ऑफिसातून ते एकच गोष्ट घरी घेऊन आले, फाईल उघडायची सवय. गाझियाबादला वैशालीत चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. तिथे गीझरची फाईल होती, खिडकीच्या जाळीची फाईल होती, आणि माझ्या ताईला, म्हणजे अलकनंदाला, नवा मिक्सर हवा होता त्याचीही फाईल होती. ती दोन वर्षं 'विचाराधीन' राहिली. शेवटी ताई बाजारात जाऊन मिक्सर घेऊन आली आणि फाईलवर स्वतःच 'आणला' असं लिहून मोकळी झाली.

ही गोष्ट २०१६ च्या सप्टेंबरातली. त्या महिन्यात दिल्लीत, नोएडात, गाझियाबादेत जो तो चिकनगुनियाने आडवा झाला होता. माझ्या नोएडातल्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि उरलेल्या खुर्च्यांवरची माणसं उठताना कमरेवर हात ठेवून देवाचं नाव घ्यायची. ताईच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर नमस्कार वगैरे नाही, थेट प्रश्न: "आपका घुटना है या टखना?" म्हणजे गुडघा धरलाय की घोटा.

भावजींना काही झालेलं नव्हतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे घालून ते घरात हिंडायचे आणि आजारी शेजाऱ्यांना फोनवर धीर द्यायचे. मंगळवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. थर्मामीटर लावला, एकशे एक पॉइंट आठ. ताई म्हणाली, "चला, डॉक्टरकडे जाऊ." भावजी म्हणाले, "आधी फाईल दे."

पहिली टिपणी मी नंतर पाहिली. अक्षर सुंदर होतं.

'विषय : निम्नस्वाक्षरीकारास आलेला ताप. आज सकाळी ७.४० वाजता १०१.८ आढळून आला. कारण अज्ञात. पॅरासिटामॉल एक घेण्यात आली. अवलोकनार्थ सादर.'

खाली ताईची सही. सही केल्याशिवाय ते पांघरूण घेईनात. मग त्यांनी पानाचा फोटो काढून मुलीला, वृंदाला, व्हॉट्सॲपवर पाठवला: 'प्रत माहितीसाठी.' वृंदा मुनिरकाला खोली घेऊन राहते, पीएच.डी. करते. भावजींच्या मेसेजना तिने मिक्सरच्या काळातच म्यूट करून ठेवलं होतं.

डॉक्टरकडे का नाही, याचं भावजींचं उत्तर तयार होतं. "क्लिनिकबाहेर साठ माणसं बसलीयत, अलका. मी एक ताप घेऊन जाईन आणि तीन घेऊन येईन."

खरं कारण ताईला माहीत होतं. भावजी सुईला घाबरतात. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते कुणाला घाबरले नाहीत, पण रक्त तपासायचं म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं होतं.

ते डॉक्टरकडे जाईनात, म्हणून बाकी सगळे त्यांच्याकडे आले.

बुधवारी शेजारचे चड्ढाजी आले. चड्ढाजींचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि माणूस असो की इंजिन, दुरुस्तीला जोर लावावा लागतो असं त्यांचं मत आहे. त्यांच्या जावयाच्या घशासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, अॅझिथ्रोमायसिन. "गोवंडे साब, रोज एक. पाँच दिन. घोडे जैसे दौड़ोगे."

"पण हा व्हायरल असला तर?" ताईने विचारलं.

"भाभीजी, वायरल को क्या पता कि दवा किसकी है!"

भावजींनी गोळी घेतली आणि नोंद केली.

गुरुवारी सांधे धरले. बोटं आखडली, पाऊल टेकवेना. संध्याकाळी शशिकांत साळवे आले. साळवे अहमदनगरचे, रेल्वेतून निवृत्त, मराठी मंडळाचे खजिनदार आणि भावजींचे तीस वर्षांचे मित्र. दर रविवारी चर्चमधून परस्पर भावजींकडे येतात आणि दोघं जेवणापर्यंत भांडतात. साळव्यांच्या बायकोला संधिवात आहे. तिच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांतली अर्धी पट्टी त्यांनी खिशातून काढली, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन.

"मूळची मलेरियाची, पण सांध्याला एकदम मऊ करते, दत्ता. लोण्यासारखं."

"सांधे लोण्यासारखे झाले तर मी उभा कसा राहणार?" भावजींनी विचारलं, आणि गोळी घेतली. दुसऱ्या दिवसापासून दोन घेऊ लागले, कारण एकीने लोणी झालं नव्हतं.

आता माझी पाळी. मी हे लपवून ठेवू शकलो असतो, पण हॉस्पिटलात सगळ्यांसमोर कबूल करून झालंय, तेव्हा इथेही सांगतो. त्या वर्षी पपईच्या पानांचा रस म्हणजे अमृत असं दिल्लीत घरोघर चाललं होतं. कुणाच्या अंगणात पपईचं झाड असलं तर त्यावर पान राहत नव्हतं. मी इंदिरापुरमला राहतो. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडचं एक झाड मी सकाळी सकाळी गाठलं, सात पानं आणली, ताईच्या नव्या मिक्सरमध्ये फिरवली आणि भावजींना ग्लासभर रस पाजला. हिरवागार, कडूजहर. भावजींनी डोळे मिटून तो संपवला. "अविनाश," ते म्हणाले, "याला शासकीय मान्यता आहे का?"

"सगळं ऑफिस पितंय, भावजी."

"मग ठीक आहे."

दिवसातून तीन वेळा घ्यायचा, असंही मीच सांगितलं. शुक्रवारी त्यांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. उलट्यांसाठी त्यांनी स्वतःच्या औषधांच्या डब्यातून डॉम्पेरिडोन काढली. उलटी थांबेना म्हणून आणखी घेतली. पोटात अन्न नाही, पाणी टिकत नाही, ताप एकशे तीन, आणि भावजी पलंगावर बसून आखडलेल्या बोटांनी, चौथीतल्या मुलासारख्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, टिपणी लिहितायत. प्रत्येक पानाचा फोटो मुनिरकाला.

शुक्रवारी संध्याकाळी चड्ढाजी पुन्हा आले, जुलाबांचे आकडे ऐकले आणि म्हणाले, "अब सिर्फ़ बकरी का दूध बचा सकता है."

शेळीचं दूधही त्या महिन्यात औषध म्हणून खपत होतं. पण भावजींना बाटलीतलं दूध मंजूर नव्हतं. "शेळीचं म्हणून म्हशीचं विकतायत. समोर काढलेलं हवं."

"हो जाएगा," चड्ढाजी म्हणाले.

मला वाटलं, ते नुसतं म्हणतायत.

शनिवारी सकाळी पावणेदहाला ताईचा फोन आला. "अवि, ये. खाली गेटवर शेळी आलीय आणि गार्ड तिला वर सोडत नाहीये."

मी पोचलो तेव्हा गेटवर मकनपूर गावची कमलेश नावाची एक बाई, तिची राणी नावाची पांढरी शेळी आणि गार्ड अशी तिघं उभी होती. गार्डचं म्हणणं, रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय कुणालाही वर जाता येणार नाही. कमलेशचं म्हणणं, नोंद कर. गार्डने लिहिलं: 'कमलेश + १. किससे मिलना है: गोवंडे साब. काम: दूध.' फोन नंबरच्या रकान्यात त्याने दोघींसाठी एकच लिहिला. मग आम्ही लिफ्टने वर गेलो. लिफ्टमध्ये आधीपासून असलेल्या एका बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या दुसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेल्या.

चड्ढाजी आधीच वर येऊन बसले होते. भावजींचा चेहरा पाहून माझं हसू गेलं. डोळे आत गेले होते, ओठ कोरडे. पण शेळी हॉलमध्ये आलेली कळल्यावर ते उठायला लागले. फाईल काखेत.

"अहो, पडा तुम्ही," ताई म्हणाली.

"पंचनामा मलाच करायला हवा. दूध समक्ष काढलं, असं लिहायचंय."

भिंत धरत ते हॉलपर्यंत आले. कमलेश खाली बसली, पितळी मांडली, पहिली धार वाजली. भावजींनी फाईल टीपॉयवर उघडून ठेवली, पेन उचललं आणि थांबले. छातीवर हात ठेवला.

"अलका, इथे काहीतरी... फडफडतंय. कबुतर असल्यासारखं."

एवढं बोलून ते उभ्या उभ्या खाली आले. मी त्यांना अर्धवट पकडलं, चड्ढाजींनी उरलेलं. डोळे वर गेले होते, अंगात जीव नव्हता. ताई ओरडली. मी गालावर थापट्या मारत राहिलो, आणि मला आठवतंय, मला दुसरं काहीही सुचत नव्हतं. दहा-बारा सेकंद गेली असतील. मग भावजींनी एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि शेळीकडे पाहून विचारलं, "किती निघालं?"

"कमज़ोरी है," चड्ढाजी म्हणाले. "केला खिलाओ."

"ग्लुकोज," मी म्हणालो.

"दस-दस मिनट में दूध," कमलेश म्हणाली.

ताई जमिनीवर भावजींचा हात धरून बसली होती आणि तिची बोटं त्यांच्या मनगटावर होती. "अवि," ती म्हणाली, "हे बघ. दोन ठोके पडतात आणि मग गायब होतात. मग एकदम पाच."

"अगं, अशक्तपणाने..." भावजी म्हणाले आणि पुन्हा गेले. या वेळी हात तिच्या हातात असतानाच.

दुसऱ्यांदा शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "नोंद कर, दहा वाजून दहा मिनिटांनी अल्पकाळ..."

"नोंदबिंद बंद," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. कुणी मध्ये बोललं तर त्याला मी मिक्सरमध्ये घालीन."

चड्ढाजी गाडीची किल्ली आणायला धावले. आम्ही भावजींना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. ताई फाईल घ्यायला वळली आणि तिने किंकाळी फोडली. इतका वेळ कुणाचंच लक्ष नसलेली राणी टीपॉयशी उभी होती. तिसरं पान तिच्या तोंडात होतं आणि त्यातलं 'सादर' एवढंच बाहेर दिसत होतं.

कमलेशने तिचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. शेळीने गिळून टाकलं.

"अहो, गुरुवार-शुक्रवार खाल्ले तिने!" ताई म्हणाली. उरलेली फाईल तिने पदराखाली धरली आणि आम्ही खुर्ची उचलून निघालो. लिफ्टमध्ये खुर्ची, भावजी, मी, ताई, चड्ढाजी एवढे मावलो आणि दार बंद होता होता राणीही आत आली. बाहेर काढायला वेळ नव्हता. चार मजले ती भावजींचा गुडघा चाटत होती. भावजी क्षीण आवाजात म्हणाले, "हिला टखना दाखवा."

खाली राणीला गार्डच्या हवाली केलं आणि निघालो. जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माणसं भिंतीला टेकून उभी होती, सगळी तापाची. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे न बघता विचारलं, "बुखार?" हो म्हटलं असतं तर तास-दीड तास बसावं लागलं असतं. ताई काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली, "बुखार सबको है. इनको दो बार चक्कर आया, पूरा बेहोश, और नाड़ी बीच में रुकती है. रुकती है, सुना?"

ती मुलगी उठूनच गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर त्यागी तिशीच्या, कपाळावर घामाने केस चिकटलेले, सकाळपासून उभ्या असाव्यात. त्यांनी भावजींना आत घेतलं, छातीला तारा लावल्या. नर्स उलटी थांबवायचं इंजेक्शन भरून उभी होती. सुई पाहून भावजी म्हणाले, "मला आता बरं वाटतंय."

ईसीजीचा कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो उचलला, खिशातून एक छोटी पट्टी काढून मोजलं, पुन्हा मोजलं. "सिस्टर, वो इंजेक्शन रोको. बिल्कुल मत देना." मग ताईकडे वळल्या. "इन्होंने कौन-कौन सी दवा ली है? सब बताइए. हर एक."

ताईने फाईल पुढे केली. "सगळं लिहिलंय. फक्त पान तीन..." ती अडखळली.

"पेज तीन कहाँ है?"

"बकरी खा गई," चड्ढाजी म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना वाटलं असावं, याही माणसाला ताप आहे.

तेवढ्यात मॉनिटर किंचाळला. मी वळलो. भावजींचे डोळे पुन्हा वर गेले होते आणि पडद्यावरची रेघ ठोक्यांची राहिलीच नव्हती. रिबीन पिळून धरावी तशी ती लहान मोठी, लहान मोठी होत वेटोळी घेत धावत होती. डॉक्टर त्यागी ओरडल्या नाहीत. "मॅग्नेशियम. दो ग्राम. शॉक मशीन इधर," एवढंच म्हणाल्या, आणि पडदा ओढला गेला. बाहेर आम्ही तिघं. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की चार दिवस वळ होता. चड्ढाजी मोठ्याने जपुजी, गुरू नानकांची प्रार्थना, म्हणत होते. मला मात्र सारखी ती सात पानं दिसत होती, झाडावरून मी तोडलेली.

मग आतून आवाज आला, चिडका आणि स्पष्ट: "हे माझ्या हातात सुई कुणी टोचली? कुणाच्या परवानगीने?"

ताई तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

शॉक द्यावा लागला नव्हता. पण औषधांची यादी अजून हवी होती, कारण पुढे काय द्यायचं आणि काय नाही, ते त्यावर ठरणार होतं. भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "मी स्मरणशक्तीवर बोलत नाही. पान तीन पाहा." भावजींचा फोन घरीच राहिला होता. मला वृंदाची आठवण झाली. मी तिला फोन लावला.

"मामा, मी मेट्रोमध्ये आहे, आईचा मेसेज बघितला, बाबा ठीक आहेत ना?" ती रडवेली होती.

"आधी फोटो बघ. तुला बाबांनी फाईलची पानं पाठवलीयत."

"मामा, मी बाबांना म्यूट केलं होतं. इथे... यार, मिक्सरपासूनचे एकेचाळीस फोटो आहेत."

"पान तीन शोध. वाच."

"थांब. 'दिनांक पंधरा. साळवेप्रणीत संधिशामक गुटिका, एक.' मामा, प्रणीत म्हणजे कोण? 'दिनांक सोळा. साळवेप्रणीत दोन. चड्ढाप्रणीत जंतुघ्न, शुभ्र, लंबव... लंबवर्तु... मामा, हे काय लिहिलंय? कुठली भाषा आहे ही?"

"लंबवर्तुळाकार. अंडाकृती, गं."

"मग अंडा लिहायचं ना! 'वमनरोधक, सकाळपासून सहा.' वमन म्हणजे योगा का?"

"तू फोटोच पाठव."

फोटो आला. डॉक्टर त्यागींनी तो मोठा करून बघितला. देवनागरी असल्यामुळे त्यांना वाचता येत होतं, आणि बोटं आखडल्यामुळे अक्षर मोठं आलं होतं. 'चड्ढाप्रणीत' वाचून त्यांनी विचारलं, "ये किस कंपनी की है?" चड्ढाजींनी हळूच हात वर केला. बाकीच्या नावांचा उलगडा मी केला, आणि ताईने पिशवीतून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या. निघताना तिने औषधांचा डबाच पिशवीत ओतला होता.

डॉक्टरांनी भावजींच्या पलंगाशी उभं राहून आम्हाला समजावलं. त्यांनी हिंदीत सांगितलं, मी मराठीत सांगतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला क्षणभर लागतो. चड्ढाजींची गोळी हा वेळ वाढवू शकते. साळव्यांची गोळीही. उलटीची गोळी, जास्त घेतली तर, तीही. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, डॉक्टरने दिली तर ही चांगली औषधं आहेत. पण इथे तिन्ही एकदम पोटात गेली. वरून उलट्या आणि जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम निघून गेलं, त्यानेही वेळ वाढतो. आणि तापात, अंगभर दाह पेटलेला असताना, हृदय आधीच चिडचिडं झालेलं असतं. तयार होण्याआधीच मध्ये एखादा ठोका घुसला की ताल बिघडतो. मग हृदय रक्त ढकलत नाही, नुसतं थरथरतं.

भावजींनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे," ते म्हणाले, "आधीचं प्रकरण निकाली निघालेलं नसताना नवीन प्रकरण टेबलावर आलं."

मी भाषांतर केलं. डॉक्टर त्यागी हसल्या. त्या दिवसातलं पहिलंच हसू असावं. "हाँ. और तीन लोगों ने मिलकर फाइल रोक रखी थी. वो इंजेक्शन जो सिस्टर देने वाली थी, वो चौथा होता."

संध्याकाळी साळवे धापा टाकत आले. भावजी वर हृदयविभागात, आम्ही बाहेरच्या बाकावर. वृंदाही पोचली होती आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. साळव्यांनी सगळं ऐकलं आणि टोपी काढली.

"म्हणजे माझ्या गोळीने दत्ता..."

"नहीं जी, मेरी गोली पहले गई," चड्ढाजी म्हणाले.

"तुमची एक होती. माझ्या दोन दोन झाल्या."

"पर मेरी ताकत वाली थी!"

"दोघंही थांबा," मी म्हणालो. "उलट्या माझ्या रसाने झाल्या. उलट्या नसत्या तर पोटॅशियम गेलं नसतं."

"बकरी मैं लाया," चड्ढाजी म्हणाले. हा मुद्दा आम्ही दोघांनी लगेच मान्य केला.

ताईने डोळे पुसले. "तुम्ही तिघंही नालायक आहात," ती म्हणाली. "आणि जे वर झोपलेत ते चौथे. आता कुणीतरी मला चहा आणा." तिघंही एकदम उठलो. चहाच्या टपरीवर चड्ढाजी चहात आलं जास्त घालायला सांगू लागले, घशाला चांगलं म्हणून. साळव्यांनी त्यांचा हात धरला. "सादी चाय," ते टपरीवाल्याला म्हणाले. "कुछ भी मत डालो. जो रोज़ डालते हो, वही."

भावजी चार दिवस आत होते. रक्ततपासणीत चिकनगुनियाच निघाला. त्याचं वेगळं औषध नाही, ताप उतरवायचा, पाणी प्यायचं आणि धीर धरायचा. पोटॅशियम सलाइनमधून भरलं, ईसीजी रोज काढला, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर त्यागींची पट्टी पुन्हा खिशात गेली. तोवर भावजींना सतरा वेळा सुई टोचली होती. पाचव्या वेळेनंतर ते नर्सला शीर दाखवू लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला, कुठली औषधं यापुढे विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत त्याचा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर हा आधी दाखवा, असं बजावलं. भावजींनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला. कसलीही टिपणी लिहिली नाही. मला ते जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

दहा दिवसांनी ताईला ताप आला.

मी ऑफिसातून सरळ वैशालीला गेलो. दारात चड्ढाजी होते, रिकाम्या हातांनी. "मैं कुछ नहीं लाया," ते आधीच म्हणाले. "सिर्फ़ हाल पूछने आया हूँ." आत ताई पलंगावर चादर ओढून पडली होती. तिने सांगितलं, सकाळी सातला भावजी क्लिनिकबाहेर जाऊन बसले. साठ माणसांत नंबर लावला. कमरेवर हात ठेवत दोन तास बसले, नंबर आला तेव्हा तिला फोन करून बोलावलं, आणि रक्त काढताना तिचा हात धरून उभे राहिले. तोंड मात्र भिंतीकडे केलं होतं.

भावजी स्वयंपाकघरात होते. गुडघे अजून दुखत होते म्हणून स्टुलावर बसून ते पेज ढवळत होते. आयुष्यात पहिल्यांदा. ओट्यावर तांदूळ सांडले होते, एक पातेलं करपून सिंकमध्ये पडलं होतं, आणि हे दुसरं होतं.

"अविनाश, किती मीठ घालायचं असतं?"

"चिमूटभर, भावजी."

"चिमूट म्हणजे किती? माझी बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत."

शेवटी त्यांनी अंदाजाने घातलं. वाटी घेऊन ते पाय ओढत ताईकडे गेले, पलंगाच्या कडेला बसले. तिने एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि गिळला.

"कशी आहे?" भावजींनी विचारलं.

"समुद्र आहे," ताई म्हणाली. "आणा, आणखी थोडं पाणी घाला त्यात."

भावजी उठले. जाताना मागे वळून म्हणाले, "कोमट की गार?"

"दत्तात्रय," ताई म्हणाली. मी तिला कधी त्यांना नावाने हाक मारताना ऐकलं नव्हतं. "कसलंही चालेल. तुम्ही बसा इथे. अवि घालेल पाणी."

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आलो. बाहेर दारात चड्ढाजी अजून उभे होते आणि मला खुणेने विचारत होते, पेज उरली असेल तर त्यांनाही मिळेल का.